तांब्याने इस्त्री केलेली चादर

मी ज्या पार्कात कधी पाऊल ठेवलं नाही, त्याचं वर्णन गेली वीसेक वर्षं करत आले आहे. ढगाला टेकणारा पाळणा, पाण्यात धाडकन कोसळणारी होडी, अंधाऱ्या गुहेतून जाणारी बुटकी आगगाडी. पोरींना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्यांना सांगितलं. परवा नातीने मोबाईल माझ्या नाकापुढे धरला.

"आजी, आम्ही तिथंच चाललो. तू गेली होतीस ना? सांग, पहिले कोणत्या पाळण्यात बसू?"

"उजवीकडच्या," मी म्हटलं. एवढा मोठा पार्क म्हटल्यावर उजवीकडे काहीतरी असणारच.

पण आता दमायला होतं. खोटं टिकवायलाही जीव लागतो. गुडघे गेले, दात गेले, त्यांच्यामागून हेही जाऊ दे म्हणते. खरं काय ते एकदा लिहून टाकते.

तेव्हा मूल गावात आमचं कृषी केंद्र होतं. धानाचं बियाणं, खत, फवारणीची औषधं. एका वर्षी धानावर मावा-तुडतुडा असा काही आला की एका कंपनीचं औषध आमच्या दुकानातून धो धो गेलं. शेतकऱ्यांचा जीव टांगणीला आणि आमच्या घरी टूर, असा तो हिशोब. आंध्रात, एका मोठ्या शहराच्या बाहेर, पार्काला लागून असलेलं भारी रिसॉर्ट. दोन रात्री, तीन दिवस, जोडीनं. कंपनीचा साहेब दुकानात येऊन सांगून गेला, "भाऊ, बाईले आणल्याशिवाय यायचं नाई."

मी अडतीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पार्काचं मला काडीचं आकर्षण नव्हतं. मला झोप हवी होती.

घरी माझे सासरे लोखंडी पलंगावर होते. लकव्याने अर्धं अंग गेलेलं, तिसरं वर्ष चालू होतं. बोलणं एका शब्दावर आलेलं. फार झालं तर दोन. चालत्या हाताशी त्यांनी स्टीलचा पेला ठेवलेला. काही लागलं की पेला पलंगाच्या पाइपावर वाजवायचे, टण टण टण. दिवसा सासूबाई उठत, रात्री मी. रात्रीतून तीनदा, कधी चारदा. पाणी, कूस, भांडं. मग सकाळी सडा, डबे, दोन पोरींच्या वेण्या, दुकानातल्या गड्यांचा चहा. तीन वर्षांत मी सलग तीन तास झोपले नव्हते. सासऱ्यांचा राग येत नसे. त्यांनाही का हौस होती? पण रस्त्यात कुणाच्या हातातलं भांडं पडलं तरी मी "आली मामाजी" म्हणून वळायचे. भाजीबाजारात एकदा एका बटाटेवाल्याला "आली मामाजी" म्हटलं. तो बिचारा वजनमाप सोडून माझ्याकडे बघत राहिला.

पण घरी मी काय सांगितलं? "मले पार्क पाह्याची लई हौस आहे." हौस म्हटलं की घरचे हसतात. थकले म्हटलं की घरचे दुखावतात. एवढी अक्कल त्या अडतीस वर्षांच्या बाईला होती. बाकी नव्हती, ते पुढे येईलच.

चार दिवसांसाठी नणंद बल्लारपूरहून आली. तिचा नवरा कागद कारखान्यात. ती आली ती नेलपॉलिश लावून. "जा वैनी, मजा कर. चार दिवस काय, बाबाले मी महिनाभर सांभाळीन. तुम्ही लोकं उगाच बाऊ करून राह्यले."

"हौ बाई," मी म्हटलं आणि भांडं कुठं ठेवतो ते तिला दाखवलं.

निघताना सासूबाईंनी दारात थांबवलं. त्यांचा एक नियम होता आणि तो लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या अंगात भिनला होता. परक्याच्या घरी झोपलो, तर उठल्यावर आपली गोधडी आपण झाडायची, घडी घालायची, पेला आपण विसळायचा. पाहुणी गेल्यावर तिच्या मागे तिची गोधडी बोलली नाही पाहिजे. "लक्षात ठेवजो," त्या म्हणाल्या, "आपल्या घराचं नाव आहे."

बल्लारपूरच्या स्टेशनात गाडीत बसलो. तालुक्या-तालुक्यातले दुकानदार आणि त्यांच्या नव्या पातळांतल्या बायका. मी खिडकीशी बसून ठरवलं होतं : दोन रात्री आणि एक दुपार. पार्कात गेले तर गेले, पण झोपेतलं एक मिनिट कुणाला द्यायचं नाही.

रिसॉर्टमध्ये शिरताना मी चपला काढल्या. एवढी चकचकीत फरशी देवळातसुद्धा नसते. हे दात-ओठ खात म्हणाले, "अवं, घाल! लोकं पाहून राह्यले." मी घातल्या, पण टाचा उचलून चालले.

खोली उघडली तर आत थंडी. पलंग इतका उंच की चढायला पाट लागावा. चार उश्या दोन माणसांना. पांढरीशुभ्र चादर, एक सुरकुती नाही, आणि तिच्यावर टॉवेलचं बदक करून बसवलेलं. मी त्या बदकाकडे पाहिलं आणि माझी झोपच उडाली. हे बदक मोडायचं कसं? कुणीतरी एवढा जीव लावून केलंय. यांनी अंघोळीला जाताना ते मानेला धरून उचललं तेव्हा मी ओरडलेच. मी स्वतः घरचा पंचा वापरला.

पहिल्या रात्री मी झोपले का? नाही. गादी मऊ, अंगावर घेतलेली दुलई आभाळासारखी हलकी, आणि मी डोळे उघडे ठेवून पडलेली. एसीतून मधूनच टिक आवाज यायचा की मी उठून बसायची. कान तीन वर्षांचे पढवलेले. त्यांना टूर कळत नव्हती. हे मात्र घोरत होते. हे घरीही घोरायचे.

सकाळी हे खाली नाश्त्याला गेले. मी मागे राहिले, आणि मग मी जे केलं ते वाचून माझ्या पोरी हसतील, हसू देत. मी चादर झाडली. घट्ट ओढून कोपरे मोडले. तरी सुरकुत्या दिसतच होत्या. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केलेल्या लोळण्याच्या सुरकुत्या, आणि त्या कुणा परक्या बाईने पाहायच्या! त्या खोलीत चहाचं पाणी उकळायची विजेची किटली होती. मी किटलीत पाणी उकळलं, घरून आणलेल्या पितळी तांब्यात ओतलं आणि तो गरम तांब्या चादरीवरून फिरवला. माहेरी आरमोरीला आम्ही शाळेच्या फ्रॉकला अशीच इस्त्री करायचो. पाणी निवलं की पुन्हा उकळायचं. चार किटल्या लागल्या. पण चादर अशी झाली की दुकानातल्या घडीतून आत्ता काढली म्हणावं. मग टॉवेल धुतले, पिळले आणि बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातले. मोरी पायपुसण्याने पुसून घेतली. पेले विसळून पालथे घातले.

तेवढ्यात फोन वाजला. खालून कुणी पोरगी बोलत होती. "मॅडम, बाल्कनी में टॉवेल मत सुखाइए प्लीज."

"हां बाई," मी म्हटलं, "सूखे की निकालती."

तो दिवस कंपनीच्या मीटिंगमध्ये गेला. पडद्यावर किडे दाखवले, औषधं दाखवली, टाळ्या वाजवल्या. बायकांनी एसीत कुडकुडत पदर ओढून घेतले. माझे डोळे मिटायला लागले की शेजारची वरोऱ्याची बाई कोपर मारायची. "बाई, साहेब पाहून राह्यले." दुपारची झोप तिथंच गेली. दुसरी रात्रही पहिलीसारखीच. टिक, आणि मी उठून बसलेली. मला त्या पांढऱ्या गादीवर रडायला आलं, आणि रडताना पहिला विचार काय? उशीला डाग पडेल. उशी बाजूला केली आणि मग रडले.

दुसऱ्या सकाळी दहाला पार्काची बस होती. दोन बसा : एक पुरुषांची, एक बायकांची. हे टोपी घालून खाली गेले. "लवकर ये, बायकांची बस आधी सुटंल." मी म्हटलं, "आली," आणि किटली लावली. तिसऱ्या तांब्याला दार वाजलं.

दारात एक सडपातळ बाई उभी. निळा गणवेश, केसांत फूल, हाताशी चादरींची ढकलगाडी. तिने माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. मग हिंदीत काहीतरी बोलायला गेली, अडखळली आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मी माझ्याशीच म्हटलं, "आता काय म्हणून राह्यली ही बाई?"

तिचा चेहरा एकदम बदलला. "अम्मा, तुम्ही चांद्याकडच्या?"

ती शिरोंच्याच्या बाजूची निघाली. गोदावरी ओलांडून इकडे लग्न करून आलेली. मराठी तिची अर्धी तेलुगूत भिजलेली, पण मला तिच्यातला प्रत्येक शब्द कळत होता.

"अम्मा, तुम्ही काल चादर का नाही दिली?"

"चांगली होती ना. मळली कुठी?"

ती दाराच्या चौकटीला टेकली. थकलेली दिसत होती. मला थकलेलं माणूस लगेच ओळखू येतं. मग तिने सगळं सांगितलं. रोज प्रत्येक खोलीतून वापरलेल्या चादरी निघतात, त्या खाली मोजतात. काल माझ्या खोलीतून एकही निघाली नाही. तिच्या कामावर नजर ठेवणाऱ्या वरच्या बाईने येऊन पाहिलं तर पलंग जसाच्या तसा, एक सुरकुती नाही. ती म्हणाली, या खोलीत पाहुणे झोपतात, मग चादर कुठे आहे? बदललीच नाहीस, जुनीच ताणून ठेवलीस, कामचुकार आहेस. आज पुन्हा तसंच झालं तर तिला रोजाच्या कामावरून काढतील.

"मी सांगते ना खाली जाऊन," मी म्हटलं. "सांगते का मीच साफ केलं."

ती घाबरून हात हलवू लागली. "नको अम्मा, नको. पाहुण्याने काम केलं म्हणजे मी आणखीनच वाईट. फक्त चादर मळकी पाहिजे. माणूस झोपल्यासारखी."

मी त्या चादरीकडे पाहिलं. चार किटल्यांची कालची मेहनत, तीन आजची. आमच्या घराचं नाव! आणि माझ्या हुशारीमुळे एका बाईची रोजी जात होती. मी हाताने चादर चुरगाळायला गेले. तिने पाहिलं आणि मान हलवली. "असं नाही दिसत, अम्मा. वरची बाई ओळखते. तुम्ही पडा. पाच मिनिटं लोळा. तोवर मी मोरी करते."

"बस निघून राह्यली माझी."

"पाच मिनिटं."

मी पडले. पातळाच्या निऱ्या सावरून, पाय जुळवून, मढ्यासारखी सरळ. ती मोरीत गेली. नळ सोडला. बादली ओढल्याचा आवाज. मग ब्रशाने फरशी घासल्याचा, घसर घसर घसर. मध्येच ती काहीतरी गुणगुणली. पाणी ओतलं. पुन्हा घसर घसर.

आणि मला आठवलं की हा आवाज मी पडल्या पडल्या कधी ऐकला होता. आरमोरीला, लग्नाआधी. मी गोधडीत, आणि आई अंगणात खराटा फिरवते आहे. कुणीतरी दुसरी बाई उठलेली आहे, कुणीतरी दुसरी काम करते आहे, आणि मला उठायचं नाही. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत त्या आवाजाआधी मी उठले नाही असं एकदाही झालं नव्हतं. मऊ गादीने जे झालं नाही, ते त्या फरशी घासण्याने झालं. मी कुशीवर वळले. एवढंच आठवतं.

जागी झाले तर पडद्याच्या दुसऱ्या बाजूला ऊन आलेलं. एसी बंद केलेला होता. पायांवर कुणीतरी दुलई टाकलेली. खुर्चीवर नवं बदक, या खेपेस मोठं. घड्याळात चार वाजत आले होते. मी सहा तास झोपले होते. अंगाला गादीचा आकार आला होता. मला वाटलं मी मेले असेन आणि हे बरंच आहे.

दाराबाहेर मुठीला एक पाटी अडकवलेली होती, कुणी त्रास देऊ नये म्हणून. ती त्या बाईचीच करामत. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. आत येऊन आधी पलंग पाहिला. चादर गोळा झालेली, उशीवर खोबरेल तेलाचा डाग, आणि उशीच्या कडेला, आता सांगायला काय लाज, लाळेचा ओला गोल.

"आता कसं!" ती टाळी वाजवून हसली. "आता माणूस झोपल्यासारखं."

तिने चादर अशी ओढून काढली की जणू बक्षीस मिळालं. मी घरून आणलेले मूलच्या धानाचे पोहे, सगळी पिशवी, तिच्या गाडीत कोंबली. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. "शिरोंच्याकडच्या माणसाले इकडले पोहे आवडतात का?" मी विचारलं. "आवडतात, अम्मा, आमच्याकडे चिंचेचं पाणी टाकतात," ती म्हणाली. आम्ही दोघी मिळून नवी चादर घातली. तिने मला कोपरा मोडायची तिची पद्धत शिकवली. ती माझ्या पद्धतीहून चांगली आहे. अजून तशीच मोडते.

संध्याकाळी हे आले. नाक उन्हाने लाल, टोपी वाकडी.

"कुठी होती तू?"

"इथीच. झोपली होती."

"मले वाटलं बायकांच्या बसमंदी गेली."

"अन् बायकांले वाटलं तुमच्यासंगं गेली. मंग कळलं कव्हा तुम्हाले?"

"जेवतानी. पाह्यलं तर तू नाई."

"मंग?"

"मंग जेवलो."

मी इतकी हसले की यांनाही हसू आलं. रागवायचं राहूनच गेलं. मग पलंगाच्या कडेला बसून ते एकदम गंभीर झाले. "घरी सांगू नको झोपली म्हणून. आई म्हणंल, झोपायलेच जायचं होतं तर घरी काय पलंग नव्हता?"

ते खरं होतं. पार्काच्या हौसेवर मी निघाले होते. नणंद आपलं घर टाकून आली होती. म्हणून परतीच्या गाडीत माझी शिकवणी सुरू झाली. हे सांगत आणि मी पाठ करत होते. पाळणा किती मोठा, होडी कुठून पडते, गाडीच्या गुहेत काय काय दिसतं. यांनी स्वतः एकाच पाळण्यात बसून उलटी केली होती, त्यामुळे बाकीचं सगळं त्यांनी खालून पाहिलेलं. म्हणजे न बसलेल्या माणसाने न गेलेल्या बाईला शिकवलेलं ते ज्ञान. तेच आजवर आमच्या घरात चालू आहे.

घरी पोचलो तर नणंद ओसरीत तांदळाच्या पोत्याला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपलेली. दुपारचे बारा. नेलपॉलिश खरवडलेलं. डोळे उघडून तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं पुरात अडकलेलं माणूस होडीकडे पाहतं. "वैनी," ती म्हणाली, आणि आपली पिशवी भरायला उठली. संध्याकाळच्या बसने ती गेली. महिनाभराचं काही बोलली नाही.

पोरी गळ्यात पडल्या. मी पाळणा सांगितला, होडी सांगितली. सासूबाईंनी कंपनीने दिलेला ग्रुप फोटो डोळ्यांपाशी नेऊन पाहिला. "यात तू कुठी आहेस?"

"मीच काढला ना तो फोटो," मी म्हटलं. जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता.

तेवढ्यात आतून पेला वाजला. टण टण टण.

"आली मामाजी," म्हणून मी आत गेले. सासरे उशीवर तिरके झालेले. मी त्यांना सरळ केलं. त्यांनी चालत्या हाताने मला थांबायची खूण केली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू गेलेलं असणार. कान त्यांचे शाबूत होते. मी पुन्हा सुरू केलं, "मामाजी, एवढा मोठा पाळणा..."

"खोटं," ते म्हणाले.

त्यांनी ओठ जुळवायला बराच वेळ घेतला. एक शब्द काढायला त्यांना जेवढं लागायचं, तेवढ्यात मी एरवी एक भाकर थापायचे. त्या दिवशी मी उभी राहिले.

"झोपली?"

तीन वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मी खाली वाकले, कारण बाहेर सासूबाई होत्या. "सहा तास, मामाजी," मी हळूच सांगितलं. "भर दिवसा. बस सुटून गेली."

त्यांच्या चेहऱ्याची चालती बाजू हसली. यांच्याखेरीज खरं तेवढ्या एका माणसाला माहीत होतं, आणि त्यांच्याजवळ ते सुखरूप होतं. एका शब्दाच्या माणसाकडून चहाडी होत नाही. आणखी दीड वर्ष ते होते. कधी मी जांभई देत आत गेले की डोळे मिचकावून म्हणत, "पाळणा."

त्या दुपारी मात्र त्यांचं हसू संपलं, आणि ते जरा अवघडून म्हणाले, "भांडं."

मी भांडं आणलं.